ज्वाला विझते, निखारा राहतो



दिवाळी झाली की आपल्या वऱ्हाडात कापूस घरात येतो, आणि भाव पडलेला असला तर तो घरातच राहतो. पोरांच्या अभ्यासाची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरते आणि घरची माणसं ओसरीत झोपतात. अंगाला खाज सुटते, तरी कुणी कुरकुरत नाही, कारण वर्षाची कमाई त्या खोलीत असते. त्याच खोलीच्या भिंतीवरून विजेची वायर गेलेली असते. परसात पऱ्हाटी आणि तुराट्या रचलेल्या, गोठ्याला लागून कुटार, शेतात सोयाबीनची सुडी. आणि सोनाळ्याच्या डोक्यावर सातपुडा, अंबाबरव्याचं जंगल, जे फेब्रुवारी लागला की वाळत जातं. अशा गावात रसायनशास्त्राच्या माणसाला बोलावल्यावर मी आगीवरच बोलायचं ठरवलं. त्यातही ती विझवण्यावर.

शाळा, बँक, पतसंस्था, पेट्रोल पंप, जिनिंग, सगळीकडे भिंतीला लाल सिलेंडर टांगलेला आपण पाहतो. त्यात कसला तरी गॅस आहे आणि तो मारला की आग विझते, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. प्रत्यक्षात वरून सारख्या दिसणाऱ्या त्या लाल नळकांड्यांच्या आत अगदी वेगवेगळी रसायनं असतात आणि त्यांची कामंही वेगळी असतात. त्यांची यादी आज मी देणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. आग दोन जातींची असते, ज्वालेची आणि निखाऱ्याची. आपल्या घरादारात आणि शिवारात जे पेटतं ते बहुतेक निखाऱ्याच्या जातीचं आहे, आणि आपण जी साधनं विकत आणतो ती बहुतेक ज्वालेसाठी बनलेली आहेत.

डिझेल पेटतं तेव्हा द्रव डिझेल जळत नाही. त्याची वाफ वर उठते, हवेत मिसळते आणि ती वाफ जळते. ज्वाला म्हणजे वायूंमधली क्रिया. ज्वाला गेली की डिझेलची आग संपली. पुन्हा ठिणगी मिळेपर्यंत तिथे काही नाही. कापसाचं तसं नाही. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ते साधारण तीनशे अंशांच्या पुढे तापलं की तुटू लागतं. तुटताना निघणाऱ्या वाफा वर पेटतात, ती ज्वाला. मागे जो काळा कोळसा उरतो त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन थेट येऊन आदळतो आणि तो कोळसा धुमसत राहतो. तो निखारा. इथे वाफ नाही, ज्वाला नाही, कधीकधी डोळ्यांना दिसेल असा उजेडही नाही.

या दोघांची हवेची गरजही वेगळी. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरला की बहुतेक ज्वाला मरतात. निखारा मात्र त्याहून कितीतरी कमी ऑक्सिजनवर तग धरतो, आणि कापसाच्या ढिगात तंतू-तंतूंच्या मध्ये हवा अडकलेलीच असते. शिवाय सरकीवरून काढलेल्या रुईच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अगदी पातळ थर असतो. शंका असेल तर घरी गेल्यावर रुईचा एक पुंजका पाण्याच्या भांड्यात टाकून बघा. तो तरंगतो, वरून चकाकतो, आणि बोटाने दाबून धरला तरी आतून कोरडा निघतो. मग त्याच पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीची चिमूट टाका. पुंजका भिजतो आणि खाली बसतो. कापसाच्या आगीचं निम्मं शास्त्र त्या भांड्यात आहे.

जिनिंगमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कापसातून एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा रोलरमध्ये जातो, ठिणगी पडते आणि हवेच्या नळीतून रुईबरोबर पुढे निघून जाते. तिथेच भडका उडाला तर माणसं धावतात आणि विझवतात. खरा धोका न दिसलेल्या ठिणगीचा. ती १७० किलोच्या गाठीत दाबली जाते, गाठ गोदामात जाते, आणि जळका वास यायला कधी दिवस जातात. गाठ फोडून बघितल्याशिवाय आत काय चाललंय ते कळत नाही.

कापसाच्या धुमसण्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, याची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी नोंद मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतली आहे. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चाललेलं. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी कराचीहून येऊन धक्क्याला लागलं होतं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी. दुपारी कापसातून धूर येताना दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, नऊशे टनांच्या वर पाणी आत गेलं. पण आगीचं मूळ गाठींच्या थरात कुठे आहे ते सापडेना. पाणी वाहत होतं, मुरत नव्हतं. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर त्याची नोंद उमटली. शेकडो माणसं गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

त्या कापसाकडे मी वऱ्हाडी माणूस म्हणून पाहतो. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा टाकला तो कापसासाठी. आपल्या भागातल्या गाठी पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या बंदराकडे गेल्या. त्या दिवशीचा कापूस कराचीचा होता, पण गुणधर्म तोच. गोदीतल्या जवानांच्या शौर्यात कमतरता नव्हती. ज्या मालाशी त्यांची गाठ होती, तो नुसत्या पाण्याला आत शिरू देत नव्हता.

आता सिलेंडरांकडे येऊ. सुरुवात पाण्यापासूनच केली पाहिजे, कारण निखाऱ्यावर खरा उपाय तोच. एक किलो उकळतं पाणी पूर्ण वाफ होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता शोषतं. स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच द्रवाला हे जमत नाही. १८१८च्या सुमारास जॉर्ज मॅन्बी या इंग्रज माणसाने तांब्याच्या भांड्यात दाबलेल्या हवेखाली पाणी भरून हातात नेता येईल असं साधन केलं. त्या पाण्यात त्याने पोटॅशियम कार्बोनेट विरघळवलं होतं, जे तेव्हा लाकडाच्या राखेतून काढत. पोटॅशियम ज्वाला मोडतो, याचं कारण त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हतं. नुसता अनुभव होता.

पुढे १८६६ मध्ये फ्रान्समध्ये कार्लिए याने सोडा-ॲसिडचं यंत्र आणलं. आज साठी ओलांडलेल्यांना शाळेच्या पुस्तकातलं त्याच्या नंतरच्या रूपाचं चित्र आठवत असेल. शंकूच्या आकाराचं भांडं, वर आपटायची खुंटी. आत खायच्या सोड्याचं पाणी आणि काचेच्या कुपीत गंधकाम्ल. खुंटी आपटली की कुपी फुटायची, आम्ल सोड्यात मिसळायचं, कार्बन डायऑक्साइड तयार व्हायचा आणि तो पाण्याला नळीतून बाहेर ढकलायचा. आग विझायची ती पाण्याने. वायूचं काम फक्त ढकलण्याचं. परीक्षेत मुलं उलट लिहीत आणि त्यांना गुणही मिळत, याचं मला शिक्षक म्हणून कायम वाईट वाटत आलं. ते यंत्र एकदा सुरू झालं की थांबवता येत नसे आणि आम्लाने भांडं आतून गंजे. ते आता वापरातून गेलं. आज पाण्याचा सिलेंडर म्हणजे साधं पाणी आणि त्यावर दाबलेली हवा.

फेसाचं साधन रशियातल्या अलेक्झांडर लोरान या शिक्षकाने काढलं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बाकूच्या तेलविहिरींच्या आगी त्याने पाहिल्या होत्या. पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं तर पाणी जड म्हणून तळाशी जातं आणि तेल वर जळतच राहतं. त्याने सोडा आणि तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट यांची द्रावणं एकत्र आणली. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका, दोन्ही मिळून तेलावर तरंगणारी साय झाली. वाफ वर येईना, ज्वाला मेली. पेट्रोल-डिझेलसाठी फेस आजही उत्तम.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो मात्र कोरड्या पावडरचा सिलेंडर. त्यातही दोन कुळं आहेत. जुन्या, डीसीपी नावाच्या पावडरमध्ये खायचा सोडा असतो. तो ज्वालेत शिरला की तुटतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते. पण खरं काम करतो तो त्यातला सोडियम. ज्वालेच्या आत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल यांचे सुटे, अतिशय चपळ कण असतात. एक कण क्रिया करतो आणि त्यातून नवे कण जन्मतात, त्यांतून आणखी. बोंडअळीच्या पिढ्यांसारखंच हे आहे. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगामानंतर पऱ्हाटी उभी ठेवू नका, असं कृषी विभाग सांगतो, कारण मधली एक पिढी उपाशी मेली की साखळी तुटते. सोडियमचे कण ज्वालेतल्या त्या चपळ कणांना पकडून त्यांचं पाणी करून टाकतात. साखळी तुटते आणि ज्वाला क्षणात नाहीशी होते. पोटॅशियम हेच काम सोडियमपेक्षा जास्त जोमाने करतो. मॅन्बीच्या राखेच्या पाण्याचं उत्तर इथे मिळतं.

सोड्याची पावडर ज्वालेवर एवढी प्रभावी, पण निखाऱ्यावर निरुपयोगी. निखाऱ्यात वायूंची साखळीच नाही, मग ती तोडणार काय? म्हणून दुसरं कुळ आलं, एबीसी पावडरचं. तिच्यातला मुख्य पदार्थ मोनो अमोनियम फॉस्फेट. ठिबकवाले शेतकरी आता माना डोलावतील. होय, ठिबकमधून सोडता ते १२:६१:०० हेच. दुकानात ते पाण्यात विरघळावं म्हणून घेता. सिलेंडरमध्ये तेच पिठासारखं बारीक दळून, ओल लागू नये म्हणून सिलिकॉनचा लेप देऊन भरतात. सिलेंडरच्या लेबलवर ‘एमएपी ५०’ किंवा ‘एमएपी ९०’ लिहिलेलं असतं. ते या फॉस्फेटचं शेकडा प्रमाण. घेताना ते वाचा, कारण दोन्हींचा भाव वेगळा आणि गुणही वेगळा.

हे फॉस्फेट १९० अंशांच्या आसपास वितळतं. अमोनिया निघून जातो आणि मागे फॉस्फरिक आम्लाचा चिकट, काचेसारखा थर जळत्या पृष्ठभागावर पसरतो. निखारा आणि हवा यांच्यामध्ये हा थर येतो. आणखी एक गोष्ट होते, ती मला सर्वांत सुंदर वाटते. हे आम्ल सेल्युलोजच्या तुटण्याची वाटच बदलतं. जळाऊ वाफा होण्याऐवजी कोळसा आणि पाणी जास्त होतं. १८२१ मध्ये गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कापड पेटू नये म्हणून अमोनियम फॉस्फेटच सुचवलं होतं. वणव्यावर विमानातून जो लाल द्रव टाकतात, त्यातही बहुधा अमोनियम फॉस्फेटच असतं. दोनशे वर्षं एकाच क्षाराने ही कामगिरी केली आहे, आणि तो आपल्या ठिबकच्या टाकीत आहे.

पण एबीसी पावडर काम करते ती पृष्ठभागावर. एखाद्या खुर्चीला, कागदाच्या गठ्ठ्याला, पऱ्हाटीच्या एका भाऱ्याला ती पुरते. खोलीभर कापसाच्या पोटात ती पोहोचत नाही आणि ती थंडही करत नाही. सहा किलोचा सिलेंडर दहा-वीस सेकंदांत रिकामा होतो. ज्वाला गेली, धूर कमी झाला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि दार लावून घेतलं, की पहाटे तीच खोली पुन्हा पेटते. मधल्या वेळात धुमसणाऱ्या कापसातून कार्बन मोनॉक्साइड साचत राहतो. त्याला वास नाही. दार उघडून आत डोकावणारा माणूस कोसळतो तो बऱ्याचदा त्यामुळे.

सिलेंडर भरणाऱ्यांसाठी एक सूचना. सोड्याची पावडर आणि फॉस्फेटची पावडर कधीही एकमेकींत मिसळू नका. फॉस्फेट आम्लधर्मी आहे, सोडा अल्कधर्मी. ओल मिळाली की आत वायू होतो, पाणी होतं, पावडरचा गोळा बनतो आणि ऐन वेळी नळीतून काहीच येत नाही. रिफिल करून देणाऱ्याला आधी कोणती पावडर होती हे विचारलंच पाहिजे.

सीओटूच्या सिलेंडरबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण आपल्या उन्हाळ्याचा त्याच्याशी संबंध आहे. कार्बन डायऑक्साइड वीस अंशांना ५७ बारच्या आसपास दाबाखाली द्रव असतो. पण ३१ अंशांच्या पुढे तो कितीही दाबला तरी द्रव राहू शकत नाही. आपल्याकडे मेमध्ये पारा ४३-४५ला जातो. पत्र्याच्या शेडमधल्या सिलेंडरात तेव्हा द्रव उरलेलाच नसतो आणि आतला दाब शंभर बारच्या पुढे जातो. म्हणून तो मुळातच पूर्ण भरत नाहीत, आणि म्हणून तो उन्हात ठेवायचा नाही. तो मारल्यावर भोंग्यातून जे पांढरं हिम येतं त्याचं तापमान उणे ७८ अंश असतं. भोंगा उघड्या हाताने धरला तर कातडी सोलून निघते. तापलेल्या सिलेंडरमधून हिम कमी येतं, म्हणजे आधीच तुटपुंजा असलेला गारवा आणखी कमी.

या सिलेंडरला दाब दाखवणारा काटा नसतो. तो तपासायचा तो वजनावर. रिकामं वजन आणि भरलेलं वजन त्यावर कोरलेलं असतं. गावात कापूस मोजायचे वजनकाटे आहेत. त्यावर ठेवा, आणि आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर भरून आणा. मोटारीचा स्टार्टर, बँकेचा संगणक, जिनिंगमधला वीजफलक यांच्यासाठी हा उत्तम, कारण मागे काही उरत नाही आणि वीज त्यातून वाहत नाही. पण आधी मेन बंद करा. आणि डीपी पेटली तर कुठलाही सिलेंडर घेऊन जवळ जाऊ नका. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद होईपर्यंत लांब राहा. कापसावर सीओटू मारणं म्हणजे सिलेंडर वाया घालवणं. वारा आला की वायू उडून गेला आणि निखारा जागच्या जागी.

काही रसायनं इतिहासजमा झाली, त्यांचा नुसता उल्लेख करतो. कार्बन टेट्राक्लोराइड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारींमध्ये सर्रास असे. तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो, हे माणसं मेल्यावर लक्षात आलं. हॅलॉन आग विझवण्यात अप्रतिम, पण त्यातला ब्रोमिन ओझोनचा थर खातो. १९८७च्या माँट्रिअल करारानंतर तो हळूहळू बंद झाला आणि २०१०पर्यंत विकसनशील देशांतही त्याचं नवं उत्पादन थांबलं.

स्वयंपाकाच्या तेलाबद्दल मात्र थांबून सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे यात्रा असतात, लग्नं असतात आणि मोठमोठ्या कढया चढतात. तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास ठिणगीशिवाय आपोआप पेटतं. त्यावर पाणी पडलं की ते तळाशी जाऊन वाफ होतं, सुमारे १,७०० पट फुगतं आणि जळतं तेल मांडवभर उडवतं. पावडरने ज्वाला जाते, पण तेल तसंच तापलेलं असल्याने पुन्हा पेट घेतं. यासाठी पोटॅशियम ॲसिटेटच्या जातीच्या क्षारांचं द्रावण असलेला सिलेंडर निघाला आहे. तो गरम तेलाचा साबण करतो, अक्षरशः साबण, आणि त्या फेसाखाली तेल निवतं. तो जवळ नसेल तर गॅस बंद करा, कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवा आणि निवेपर्यंत उघडू नका.

साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. १ जुलै २०२३च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. पसरलेलं डिझेल पेटल्यावर बसमधला छोटा सिलेंडर काही करू शकत नाही. तिथे संकटकाळी उघडायचं दार आणि काच फोडायचा हातोडा यांनीच जीव वाचतात. बसमध्ये बसल्यावर ती दोन ठिकाणं नजरेने शोधून ठेवा.

जंगलातही ज्वाला आणि निखारा हाच भेद आहे. वन विभाग उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतो, अग्निरक्षक पाचोळा फुंकणारी यंत्रं घेऊन फिरतात. सागाच्या पानांची ज्वाला झरझर पुढे जाते आणि रेषेपाशी थांबते. मागे राहतात पोकळ ओंडके आणि बुंधे, आतून धुमसणारे. दुपारी वारा सुटला की त्यातूनच ठिणगी रेषेपलीकडे जाते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तो झाडून गोळा करा. ज्वाला विझवून घरी गेलात तरी मुळाशी काय उरलं ते तुम्हाला दिसत नाही.

महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, त्यांच्या मालकाने आगीची साधनं परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, प्रमाणपत्र द्यायचं असतं. घरांना असं कुणी विचारायला येत नाही, म्हणून घराचं मी सांगतो. कापूस भरलेल्या खोलीतली वायर आधी काढा; हंगामापुरता तिथे दिवाही नको. दाराबाहेर दोनशे लिटरचा ड्रम पाण्याने भरून ठेवा, त्याशेजारी दोन बादल्या आणि कपड्याच्या पावडरीचं पाकीट. वेळ आली की दोन मुठी टाकून ढवळा. एक सहा किलोचा एबीसी सिलेंडर दाराजवळ, खोलीच्या आत नव्हे. त्याचा काटा हिरव्या पट्टीत आहे का ते पाहत जा आणि महिन्यातून एकदा सिलेंडर उलटा करून हलवा, म्हणजे पावडर तळाशी घट्ट बसत नाही.

पेटलंच तर वाऱ्याच्या बाजूने उभं राहून पावडरने ज्वाला मोडा. बंबाला फोन त्याआधीच गेलेला असू द्या. मग नाकातोंडावर ओलं फडकं बांधून नव्हे, तर दार-खिडक्या उघडून धूर पूर्ण जाऊ दिल्यावरच आत शिरा. ओल्या फडक्याने कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. कापूस दाताळ्याने उघड्यावर ओढा, पातळ पसरा, साबणाचं पाणी मारा, उलटा, पुन्हा मारा. मालाचं नुकसान होईल, मान्य. पण जळका कापूस आणि चांगला कापूस त्या रात्री एका छताखाली ठेवू नका, आणि पसरलेल्या कापसावर दोन दिवस राखण ठेवा.

व्याख्यान संपल्यावर बाहेर पटांगणात दोन पत्र्याचे ट्रे मांडले आहेत, एकात थोडं डिझेल, दुसऱ्यात दाबून भरलेला कापूस. दोन्हींवर एकच पावडर मारून दाखवणार आहे. लहान मुलांना दोरीच्या मागे ठेवा, आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांनी पुढे या. सिलेंडर तुमच्याच हातात देणार आहे.